भीमेचा मासा, उजनीचा मासा

जेऊर स्टेशनवर उतरून चिखलठाण-कुगावच्या बाजूला निघाले, की उसाच्या फडांमधून आणि केळीच्या बागांमधून मधूनच रुंद पाणी दिसू लागते. ही उजनीची फुगवट. अमुक गाव पाण्यात गेले, पळसदेवचे देऊळ उन्हाळ्यात वर आले, धरण उणे झाले, धरण शंभर टक्के भरले, असे या पाण्याबद्दल आपण पुष्कळ बोलतो. माणसांचे विस्थापन आपल्या ओळखीचे आहे. पण याच पाण्याने आणखी एका वस्तीची उलथापालथ केली. ती वस्ती भीमेतल्या माशांची. ते काय खात होते, किती वाढत होते, अंडी कुठे घालत होते आणि आज त्यांचे काय झाले, हा इतिहासच आहे. फक्त तो ताम्रपटावर सापडत नाही, जाळ्यात सापडतो.

या इतिहासाचा लेखी आरंभ एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्यापासून होतो. पेशवाई बुडाल्यानंतर काही वर्षांतच, म्हणजे १८२४ ते १८३१ या काळात, विल्यम हेन्री साइक्स नावाचा अधिकारी मुंबई सरकारचा सांख्यिकी माहितीगार म्हणून दख्खन पालथी घालत होता. गावे, पिके, पाऊस, वजनेमापे हे त्याचे सरकारी काम. पण गडी हौशी. पक्षी पाहिले, प्राणी पाहिले आणि नदीकाठच्या भोई-कोळ्यांच्या टोपल्यांत डोकावून मासेही पाहिले. त्यातून ‘दख्खनचे मासे’ या विषयावर त्याने लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे निबंध मांडला. तो १८३९ आणि १८४१ या साली छापून आला. चाळीसहून अधिक जातींची वर्णने त्यात आहेत आणि भीमा, मुळा-मुठा या नद्यांची नावे पुन्हापुन्हा येतात.

मला या निबंधाचे सगळ्यात मोल वाटते ते एका गोष्टीसाठी. माशांना शास्त्रीय नावे देताना साइक्सने अनेकदा नवे लॅटिन नाव घडवले नाही. नदीकाठच्या माणसाने जे नाव सांगितले तेच त्याने आपल्या कानाला जसे ऐकू आले तसे लिहिले. म्हणून आजही जगभरच्या ग्रंथांत ‘टोर खुदरी’, ‘रिटा गोग्रा’, ‘स्पेराटा सिंघाला’ अशी नावे आढळतात. खुदरी म्हणजे आपला महसीर, गोग्रा म्हणजे घोगरा आणि सिंघाला म्हणजे शिंगाळा. ‘कोलस’ आणि ‘नुकता’ हेही तसेच. जपानमधला किंवा जर्मनीतला अभ्यासक हे नाव उच्चारतो, तेव्हा तो दोनशे वर्षांपूर्वीच्या एका अनाम मराठी मच्छीमाराचा शब्द उच्चारत असतो. त्या मच्छीमाराचे नाव मात्र कुठे नोंदलेले नाही. साहेबाचे नाव तेवढे माशाच्या नावापुढे लागते.

साइक्सने पाहिलेली भीमा आजच्यासारखी नव्हती. ती पावसाळ्यात दोन्ही थड्या भरून वाहणारी आणि उन्हाळ्यात डोहांपुरती उरणारी नदी होती. पाऊस संपला, की पाणी उतरायचे, वाळू आणि खडक उघडे पडायचे आणि मासे खोल डोहात जाऊन राहायचे. त्यांचे सारे आयुष्य या दोन ऋतूंच्या तालावर बेतलेले होते. आषाढात पहिले गढूळ पाणी आले, की मासा प्रवाहाच्या विरुद्ध वर चढू लागे. ‘चढणीचे मासे’ हा शब्द त्यातूनच आला. वर उथळ, ताज्या, वाहत्या पाण्यात अंडी घातली जायची आणि पूर ओसरताना पिल्ले खाली यायची. महसीरचे त्यातही वेगळे. त्याला स्वच्छ, थंडसर, प्राणवायूने भरलेले पाणी आणि खाली दगडगोटे लागतात. त्याची अंडी जड असतात, ती तळाच्या खड्यांत जाऊन बसतात आणि फुटायला तीन-चार दिवस घेतात. तेवढे दिवस वर गाळ बसला, की अंडी गुदमरून मेलीच.

इथे थोडे दूर जाऊ. थंड प्रदेशातल्या तळ्यांमध्ये ट्राऊट नावाचा मासा राहतो. इंग्रजांना तो इतका प्रिय, की १९०० साली त्यांनी त्याची अंडी काश्मीरला आणून तिथे तो रुजवला आणि पुढे १९०९ च्या सुमारास निलगिरीतही. महाराष्ट्रात तो नाही, कारण तेवढे थंड पाणीच आपल्याकडे नाही. पण तळ्यातल्या माशाचा अभ्यास कसा करावा, याचे धडे जगाने बरेचसे ट्राऊटवर गिरवले. त्याच्या खवल्यावर झाडाच्या खोडासारखी वर्तुळे उमटतात. हिवाळ्यात वाढ मंदावली, की वर्तुळे दाट होतात, उन्हाळ्यात विरळ होतात. त्यावरून वय कळते, आणि कोणत्या वर्षी मासा भरपूर जेवला आणि कोणत्या वर्षी उपाशी राहिला, हेही कळते. आपल्या रोहू-मृगळच्या खवल्यांवरही वर्षाला एक खूण उमटते. पोट चिरून पाहिले, की जेवण कळते. मादीच्या पोटातली गाभोळी मोजली, की पुढच्या पिढीचा अंदाज येतो. खवला, पोट आणि गाभोळी ही तीन साधने हाती असली, की पाण्यात न उतरता पाण्याखालचे बरेच काही समजते.

आणि ट्राऊटची एक सवय आपल्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. तो राहतो तळ्यात, पण बहुतेक ठिकाणी अंडी घालायला तळ्याला मिळणाऱ्या ओढ्यात चढतो. मादी शेपटीने गोट्यांत खळगा करते आणि त्यात अंडी घालते. किलोभर वजनाची मादी साधारण दीड-दोन हजार अंडी देते आणि १० अंशांच्या पाण्यात ती फुटायला महिनाभर लागतो. म्हणजे तळे हे त्याचे जेवणघर आहे, बाळंतघर नव्हे. ओढा अडला, की तळे कितीही मोठे असो, वंश खुंटतो.

आता परत भीमेवर येऊ. १९६६ साली यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते उजनी धरणाची पायाभरणी झाली आणि १९८० साली धरण पूर्ण झाले. भीमानगरजवळ अडीच किलोमीटर लांबीची भिंत उभी राहिली आणि मागे इंदापूर, दौंड, कर्जत, करमाळा, माढा या तालुक्यांत पाणी पसरले. डिकसळचा जुना रेल्वेपूल सोडून रेल्वेला नव्या मार्गाने जावे लागले. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यातला ५३ टीएमसीच्या आसपास उपयुक्त आणि ६३ टीएमसीच्या वर मृत. ‘उणे’ हा शब्द सोलापूर जिल्ह्यात शाळकरी पोरालाही कळतो, तो या हिशेबामुळे. उपयुक्त साठा संपून पाणी मृतसाठ्यात शिरले, की धरण उणे. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे साठ टक्क्यांच्या घरात गेले होते. पण माशाच्या बाजूने पाहिले तर गंमत दिसते. शेतकरी आणि पाटबंधारे खाते ज्याला मृत म्हणतात, तोच साठा माशाला जगवतो. उजनीत मृतसाठाच एवढा प्रचंड आहे, की कडक दुष्काळातही माशांना डोह उरतो. इतर अनेक धरणांतल्या माशांच्या नशिबी हे नाही.

धरण झाल्यावर पहिली काही वर्षे मासा जोमाने वाढतो, असा जगभरचा अनुभव आहे. बुडालेली झाडेझुडपे, गवत, शेतातले खत कुजते, त्यावर सूक्ष्म वनस्पती आणि कीटक माजतात आणि माशांना पंगत बसते. पुढे ती शिदोरी सरते आणि उत्पादन खाली येते. पण पंगतीला कोण बसणार, हा प्रश्न असतोच. वाहत्या पाण्यातला, खडकावरचे शेवाळ खरवडून खाणारा मासा पंधरा-वीस मीटर खोल स्थिर पाण्यात काय खाणार? नाकाडावर शिंगासारखा उंचवटा असलेला नुकता आज धोक्यात आलेल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे, कोलसही त्याच वाटेवर आहे. एकट्या उजनीला दोष देऊन चालणार नाही. भीमेच्या वरच्या अंगाला आणि तिच्या उपनद्यांवर धरणे आहेत, वाळूउपसा आहे, पुण्याचे सांडपाणी आहे. पण चढणीची वाट ठिकठिकाणी अडली, ही गोष्ट खरी.

मोकळ्या झालेल्या या जागेत सरकारने कटला, रोहू आणि मृगळ सोडले. हे तिघे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. त्यांची निवड विचारपूर्वक होती, कारण तिघेही एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत. कटल्याचे तोंड वरच्या बाजूला वळलेले, तो पृष्ठभागाजवळचे सूक्ष्म प्राणी गाळून खातो. रोहू मधल्या थरात वनस्पती खातो. मृगळ तळाशी चिखलातले कुजके-नासके वेचतो. एकाच पाण्यात तीन मजली घर. वाढही भराभर, अन्न भरपूर असेल तर कटला वर्षात किलोभराचा होतो. उजनीत आजही एखाद्या मच्छीमाराला भलाथोरला कटला लागला, की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो.

अडचण होती ती बाळंतपणाची. हे मासे स्थिर पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळी पूर लागतो. मादी किलोमागे लाख-दोन लाख अंडी देते. ती पाण्यात फुगतात, प्रवाहाबरोबर तरंगत जातात आणि पंधरा-अठरा तासांत फुटतात. ट्राऊटचा महिना आणि इथले पंधरा-अठरा तास! ऊन पाणी आणि ओसरणारा पूर यांच्याशी शर्यत असल्यावर घाई करावीच लागते. पूर्वी बंगालच्या नद्यांना पूर आला, की तिथले लोक कापडी जाळ्यांनी ही नुकती फुटलेली पिल्ले गोळा करायचे आणि मातीच्या हंड्यांमधून रेल्वेने देशभर पाठवायचे. वाटेत निम्मी मरायची. शिवाय नदीच्या गोळ्यात कोणकोणत्या जाती आल्या आहेत, ते मोठी झाल्याशिवाय कळायचे नाही.

हे कोडे सोडवले डॉ. हिरालाल चौधरी यांनी. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुळ येथे त्यांनी माशाच्या मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीचा अर्क दुसऱ्या माशाला टोचला आणि स्थिर पाण्यात त्याच्याकडून अंडी घालवून घेतली. शरीराला वाटले, पूर आला. देशात आज हा दिवस मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. हरितक्रांतीची नावे आपल्याला पाठ असतात, पण आपल्या ताटात रोहू-कटला आणणाऱ्या या माणसाचे नाव किती जणांना ठाऊक असते? त्या एका टोचणीनंतर मत्स्यबीज केंद्रे निघाली आणि ‘मत्स्यजिरे’, ‘बोटुकली’ हे शब्द सरकारी कागदांवर आले. जिऱ्याएवढे ते जिरे आणि बोटाएवढी ती बोटुकली, इतके सुटसुटीत शब्द सरकारी मराठीत क्वचितच सापडतात.

महसीरलाही असाच हात मिळाला. १९७० च्या दशकात लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीच्या तलावावर महसीरची कृत्रिम पैदास सुरू झाली. राज्याचे मत्स्यव्यवसाय संचालक राहिलेले डॉ. चं. वि. कुलकर्णी यांचा त्यात मोठा वाटा होता. तिथली बोटुकली पुढे देशभर गेली. तरी एक गोष्ट मनात राहते. भीमेच्या खोऱ्यात महसीर शतकानुशतके सांभाळला तो देहू-आळंदीच्या घाटांवर. तिथे त्याला कोणी पकडत नसे, भाविक त्याला दाणे टाकत. इंद्रायणी पुढे तुळापूरला भीमेला मिळते. जाळ्यापासून ज्याला श्रद्धेने वाचवले, त्याला सांडपाण्यापासून कोणी वाचवले नाही. देहू-आळंदीला मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत.

आणि आता उजनीचा आजचा राजा. भिगवण, इंदापूर, जेऊर, करमाळा, कुठल्याही बाजारात जा, ढीग दिसतो तो चिलापीचा. शब्द इतका अस्सल देशी वाटतो, की साइक्सलाही कोणा भोयाने सांगितला असेल असे वाटावे. पण तो आहे ‘तिलापिया’चा अपभ्रंश, आणि तिलापिया म्हणजे आफ्रिकेतला मासा. त्या नावाची कथाही ऐकण्यासारखी आहे. साइक्स इकडे मराठी नावे लिहून घेत होता त्याच सुमारास, १८४० साली, दक्षिण आफ्रिकेत अँड्र्यू स्मिथ नावाच्या लष्करी डॉक्टरने तिथल्या माशाला हे नाव दिले. तिथल्या त्स्वाना भाषेत माशाला जो शब्द आहे, त्यावरून ते घेतले, असे मानतात. आफ्रिकेतल्या कोणा मच्छीमाराचा शब्द असा लंडनमार्गे आपल्या बाजारात आला आणि मराठी होऊन बसला.

ही मोझांबिकची चिलापी १९५२ साली श्रीलंकेतून भारतात आणली गेली. गरिबाला स्वस्त प्रथिने मिळावीत हा हेतू, आणि तो वाईट नव्हता. पण तिचे बाळंतपण वेगळेच आहे. तिला पूर नको, दगडगोटे नकोत, ओढा नको. नर उथळ चिखलात थाळीसारखा खळगा करतो, मादी त्यात अंडी घालते आणि लगेच ती तोंडात उचलून घेते. पिल्ले बाहेर पडून पोहू लागेपर्यंत ती तोंडातच राहतात. नंतरही धोका दिसला, की सगळी धावत आईच्या तोंडात! त्या काळात ती धड खातही नाही. अंडी काही शेच, पण कटल्याच्या लाखांतून जितकी जगतात त्यापेक्षा वाचण्याचा वाटा कितीतरी मोठा. शिवाय वर्षातून एकदा नव्हे, ऊन पाण्यात अनेकदा. आणि गर्दी झाली, की दोन-तीन महिन्यांची, बोटभर लांबीची मादीही अंड्यावर येते. मग वाढ थांबते आणि संख्या फुगते. खाण्याची खोड नाही. शेवाळ, गाळ, किडे, दुसऱ्यांची अंडी-पिल्ले, सारे चालते. राजस्थानात जयसमंद तलावात ती शिरल्यावर तिथल्या रोहू-कटल्याचे सरासरी वजन घटले, असे नोंदले गेले आहे.

उजनीत तर तिला आणखी एक आहेर मिळाला. पुणे-पिंपरीच्या सांडपाण्यातून येणारे नत्र आणि स्फुरद. त्यावर पाणी हिरवे होते, जलपर्णी माजते. ज्या पाण्याने महसीर मरतो त्याच पाण्यावर चिलापी पोसते. तेव्हा चिलापी ही आक्रमक आहे हे खरे, पण तिचे जेवण आपणच वाढले, हेही खरे. आणि मच्छीमाराच्या बाजूने बोलायचे तर तिने त्याला उभे ठेवले. सोडलेले बीज अपुरे पडले, पूर आला नाही, तरी चिलापी जाळ्यात असतेच. महामार्गावरच्या खाणावळींत जो उजनीचा मासा म्हणून मिटक्या मारत खाल्ला जातो, तो पुष्कळदा हाच. तिला शिव्या देणाऱ्या निसर्गप्रेमींनी हा भाग विसरू नये.

प्रश्न आहे तो जाळ्याच्या आसाचा. ‘वडाप’ म्हणून जी बारीक आसाच्या जाळ्याने घोळून मारण्याची पद्धत आहे, तिच्यात बोटुकलीपासून सारे येते. बंदी आहे, कारवाईच्या बातम्या येतात आणि पुन्हा वडाप सुरू होते. इथे वाढीचा हिशेब पाहावा. जो कटला आज पन्नास ग्रॅमचा म्हणून सुकटीच्या भावाने जातो, तोच वर्षभर राहिला तर किलोच्या पुढे जातो. पारंपरिक होडीवाला मच्छीमार हे जाणतो आणि त्यासाठी भांडतोही. बारीक जाळ्याचा तोटा चिलापीला सर्वांत कमी होतो, कारण ती चार महिन्यांत पुन्हा भरून निघते. मार खातो तो दोन-तीन वर्षांनी वयात येणारा रोहू-कटला, मरळ, शिंगाळा. म्हणजे वडापवाला न कळत चिलापीचीच शेती करत असतो.

मत्स्यबीज सोडण्याच्या बाबतीतही तेच. लाखांचे आकडे जाहीर होतात, पण सोडले ते जिरे की बोटुकली, हे कोणी विचारत नाही. एवढ्या मोठ्या जलाशयात जिरे सोडणे म्हणजे वाम, मरळ आणि चिलापीला चारा टाकणे. चांगल्या बोटभर वाढलेल्या पिल्लांपैकी निदान काही वाचतात. जेऊर-कंदरच्या बाजूला खाजणासारखे उथळ कोपरे आहेत, तिथे जाळी लावून पिल्ले वाढवून मग सोडता येतील, असे जाणकार मच्छीमारांशी बोलताना ऐकू येते. मला ते पटते.

अलीकडच्या काही वर्षांत जाळ्यात आणखी एक पाहुणा येऊ लागला आहे. अंगावर खवल्यांऐवजी चिलखत, पाठीवर उंच पंख, काचेच्या टाकीत शेवाळ चाटायला ठेवतात तो सकर मासा. मूळ दक्षिण अमेरिकेचा. कुणाच्या तरी घरच्या टाकीतून नदीत आणि नदीतून उजनीत आला. आमच्याकडे त्याला ‘हेलिकॉप्टर’ म्हणतात. त्याला गिऱ्हाईक नाही. काट्यांनी जाळे फाडतो, काठात बिळे करून अंडी घालतो आणि नर त्यांची राखण करतो. सकाळी कुगावच्या काठाला होड्या लागल्या, की जाळ्यातून चिलापी एका टोपलीत, रोहू-कटला दुसऱ्या टोपलीत असे निवडणे चालते, आणि हेलिकॉप्टर सोडवून काठावर फेकले जातात. बगळेसुद्धा त्यांच्याकडे वळत नाहीत.